पाच भोकांचा कागद

माझ्या मामाने साठाव्या वर्षी आयुष्यातली पहिली स्वतःची रायफल घेतली. सात महिन्यांनी अशी वेळ आली, की घरात कुणी तिचं नाव जरी काढलं तरी जेवताना ताटात पाल पडावी तसा त्याचा चेहरा व्हायचा. तो घास खाली ठेवायचा आणि उठून हात धुऊन यायचा.

मामा आयुष्यभर एका पंपाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होता. यंत्रावरून सुटे भाग बनून यायचे, हा ते मोजायचा. बरोबर असतील तर हिरव्या पेटीत, नसतील तर लाल पेटीत. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक असला तरी तो मान हलवून म्हणायचा, "सूतभर जास्त आहे." त्यावरून कामगारांनी त्याचं नावच 'सूतभर' ठेवलं होतं. त्याचा त्याला राग नव्हता. एकदा मालकाचा मेहुणा येऊन म्हणाला होता, की दोनशे दांडे आज पास झालेच पाहिजेत, फाटकात ट्रक उभा आहे. मामा म्हणाला, "उभा राहू दे. त्याचे काय पाय दुखतात?" दांडे लाल पेटीतच गेले. त्या वर्षी मामाची बढती हुकली, पण ही गोष्ट सांगताना तो बढतीचा भाग गाळायचा.

कारखान्याच्या मागे कामगारांचा एक क्लब होता आणि क्लबच्या मागे पन्नास मीटरची नेमबाजीची जागा. तिथे मामा सव्वीस वर्षं दर रविवारी जायचा. रायफल क्लबची, सगळ्यांत मिळून एक. तिच्या दस्त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली आणि प्रत्येकाला वीस मिनिटं. एवढ्यावर त्याने चार-पाच पदकं मिळवली होती, बहुतेक तिसऱ्या क्रमांकाची. निवृत्त झाल्यावर तो म्हणाला, "आता मला माझी हवी." मामीने फारशी खळखळ केली नाही. "घ्या एकदाची," ती म्हणाली, "निदान रविवारी घरभर पाय आपटत फिरणार नाही."

परवान्याला अकरा महिने लागले. तोवर कोणती घ्यायची याचा मामाचा घोळ घालून झाला होता. बाहेरच्या देशातून येणाऱ्या रायफलीची किंमत ऐकूनच तो मागे फिरला. मग एका नव्या कंपनीचं माहितीपत्रक त्याच्या हाती पडलं. यांची रायफल एका चांगल्या मोटरसायकलच्या किमतीत येत होती. पण मामा किमतीला भुलला नाही, तो एका ओळीला भुलला. प्रत्येक रायफल विकण्याआधी पन्नास मीटरवर झाडून पाहिली जाते आणि तिने मारलेला निशाणाचा कागद, रायफलीचा क्रमांक, तारीख आणि तपासनिसाची सही यांसह ग्राहकाला दिला जातो, असं तिथे लिहिलं होतं. ज्या माणसाने पस्तीस वर्षं तपासणीच्या कागदावर सह्या केल्या, त्याला याहून जास्त काय हवं?

रायफल आली त्या दिवशी मी त्यांच्याकडेच होते. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, मी औषधांच्या दुकानात काम करते. पण मामाने मला रायफलीआधी तो कागद दाखवला. मधल्या काळ्या वर्तुळात पाच भोकं, एकमेकांना चिकटलेली. त्याने खिशातून शर्टाचं एक सुटं बटण काढून त्यावर ठेवलं.

"बघ. पाचही लपली."

"म्हणजे चांगलं ना?"

"अगं, चांगलं काय म्हणतेस. क्लबच्या बंदुकीने मी उताणा पडून मारलं तरी एवढं जमणार नाही." आणि लगेच स्वतःच हसला, कारण उताणं पडून कुणी नेम धरत नाही.

पहिल्या रविवारी चौथ्या गोळीनंतर रिकामं काडतूस आतच अडकलं. मामाने नळीच्या तोंडातून सळई घालून ते ढकलून काढलं. नवी आहे, बसायला वेळ लागेल, असं तो म्हणाला. सातव्या गोळीला पुन्हा अडकलं. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा मामी दारातच थबकली. रायफलीच्या दस्त्याचं पॉलिश घामाने सुटून मामाच्या उजव्या गालावर कानापर्यंत उतरलं होतं.

"अहो, कुठे तोंड काळं करून आलात?"

ते पॉलिश तीन दिवस निघालं नाही. साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी मी दुकानातून स्पिरिट नेऊन दिलं. मामाची कातडी सोलवटली आणि वर भाजल्यासारखी लाल झाली. आरशासमोर उभा राहून तो बोटाने गाल चाचपत होता. "हे माणसाच्या गालाला लागणारं लाकूड आहे," तो म्हणाला. "रंगवणाऱ्याला हे माहीत नसेल? की माहीत असून फासलं?"

मग गोळी न फुटणं सुरू झालं. चाप ओढला की टक् असा आवाज यायचा आणि पुढे काहीच नाही. नेमबाजीत अशा वेळी अर्धं मिनिट तसंच थांबावं लागतं, कारण गोळी उशिरा फुटू शकते. ते अर्धं मिनिट श्वास धरून पडून राहायचं, मग काडतूस काढायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा टक्. मामाने कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "सर, तेल कोणतं वापरता?" त्याने तेल बदललं. पुढच्या वेळी ती म्हणाली, "सर, काडतुसं दुसरी वापरून बघा." त्याने तीन कंपन्यांची काडतुसं आणली आणि एका वहीत नोंद ठेवली. सहाशे गोळ्यांत एक्कावन्न फुटल्या नाहीत. वही फोनवरून वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "सर, तुमचं वय विचारू का? कधी कधी चाप पूर्ण दाबला जात नाही."

मामाने फोन ठेवला आणि रुमालाने रिसीव्हर पुसला. खरंच पुसला, मी समोर होते.

शेवटी त्याने रायफल दुरुस्तीला पाठवली. पाठवण्याआधी एक काम केलं. आतला भाग उघडायचा तर चार स्क्रू काढावे लागतात. त्या चारही स्क्रूंवर त्याने बारीक ब्रशने पिवळ्या रंगाची केसाएवढी रेघ ओढली, अर्धी स्क्रूवर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार. मामाच्या तपासणी खात्यात ही नेहमीची रीत होती. पाच आठवड्यांनी रायफल परत आली, सोबत चिठ्ठी: सर्व भाग उघडून तपासले, दोष आढळला नाही. मामाने भिंग आणलं. चारही पिवळ्या रेघा जशाच्या तशा होत्या.

दोन दिवस त्याने रायफलीला हातही लावला नाही. मामी म्हणाली, "परत देऊन टाका आणि मोकळे व्हा." तो म्हणाला, "परत कुणाला देऊ? खोटं लिहिणाऱ्याला? तो माझी बंदूक पुसून दुसऱ्याला विकेल."

त्यानंतरच्या रविवारी ते घडलं. मामाच्या शेजारच्या जागेवर एक निवृत्त परिचारिका बाई नेम धरत होत्या. मामाने काडतूस घातलं, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा, पुढे सरकवून खाली दाबला आणि गोळी सुटली. बोट चापावर नव्हतं, चापाच्या कडीबाहेर होतं. बाईंनी ते पाहिलं होतं. भरताना नळी समोरच ठेवायची ही सवय हाडात मुरलेली, म्हणून गोळी दहा-बारा हातांवर जमिनीत शिरली आणि वाळू उडाली. कुणाला काही झालं नाही. बाई उठून बसल्या. त्यांनी चाळीस वर्षं शस्त्रक्रियेच्या खोलीत काढली होती, त्या सहजासहजी घाबरणाऱ्या नव्हत्या. पण मला नंतर म्हणाल्या, की त्या दिवशी पुढे एकही गोळी झाडली नाही.

मामाने रायफल रिकामी केली, बोल्ट काढून खिशात टाकला आणि घरी आला. पुन्हा तिच्यात काडतूस घातलं नाही, ते कायमचंच.

संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि ती उघडली. मला हाक मारून चिमट्यात धरलेला नखाएवढा एक लोखंडी तुकडा दाखवला. "हा आतल्या पिनेला अडवून धरतो. तू चाप ओढलास की हा बाजूला होतो आणि पिन काडतुसावर आपटते. म्हणजे सगळी बंदूक या एवढ्याशा कडेवर टेकलेली असते. ही कड दगडासारखी कडक असायला हवी. कानस लावली तर घसरली पाहिजे." त्याने तुकड्याच्या मागच्या बाजूला, जिथे काही बिघडणार नाही अशा जागी, कानस एकदाच फिरवली. चांदीसारखा चुरा कागदावर पडला.

"लोणी आहे," तो म्हणाला. "भट्टीत घातलाच नाही. सहाशे गोळ्यांत कड झिजली. अजून शंभर मारल्या असत्या तर नुसती हातात उचलली तरी सुटली असती."

त्याने तो तुकडा चिमट्यानेच डबीत टाकला, बोट लावलं नाही.

क्लबात तीच रायफल घेतलेला आणखी एक जण होता, पोस्टातला कारकून. मामा दुसऱ्या दिवशी त्याला सावध करायला पोस्टात गेला, जेवणाच्या सुट्टीत. मीही बरोबर होते, मला एक पाकीट टाकायचं होतं. कारकुनाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझी तर झकास चालते हो. अधूनमधून अडकते, पण आता एवढ्या किमतीत काय सोन्याची नळी देणार का? आणि कागद बघा की माझा, पाचही गोळ्या एका जागी." त्याने खणातून तो कागद काढला. मामा तो हातात धरून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दोन मिनिटं द्या," आणि पिशवीतून स्वतःचा कागद काढला.

पोस्टाच्या खिडकीला मोठी काच होती, बाहेर लख्ख ऊन. मामाने एक कागद काचेवर धरला, त्यावर दुसरा ठेवला आणि कडा जुळवल्या. पाचही भोकांतून पलीकडचं ऊन आलं. क्रमांक वेगळे होते, तारखांत तीन आठवड्यांचं अंतर होतं, पण भोकं तीच होती. फक्त कारकुनाच्या कागदावर त्यांच्या कडा जरा जास्त फाटल्या होत्या.

"म्हणजे काय झालं?" कारकुनाने विचारलं.

"म्हणजे एकावर एक कागद ठेवून गठ्ठ्यावर गोळ्या झाडल्या," मामा म्हणाला. "माझा वरचा. तुमचा बराच खालचा."

त्या आठवड्यात मी रजा टाकली आणि मामाला गाडीतून कंपनीत घेऊन गेले, दोन तासांवर. पुढे काचेचं ऑफिस, प्लॅस्टिकची झाडं आणि बर्फात उभ्या असलेल्या शिकाऱ्याचा भिंतभर फोटो. विक्री अधिकारी तिशीचा, अगदी हसतमुख. मामाने डबी, वही आणि चिठ्ठी टेबलावर मांडली. अधिकाऱ्याने त्यातलं काहीच उचललं नाही. "सर, एवढं मनाला लावून घेऊ नका. आम्ही तुम्हाला नवी देतो. वर चामड्याची पिशवी देतो. फक्त एका पत्रावर सही करा, की रायफल सुस्थितीत परत केली."

"सुस्थितीत?"

"तशी भाषा असते, सर. सगळेच करतात."

"मला तुमची तपासणीची जागा बघायची आहे," मामा म्हणाला.

अधिकारी नाही म्हणाला. मामा खुर्चीतून हलला नाही. बाहेर आणखी दोन ग्राहक बसले होते आणि मामाचा आवाज तपासणी खात्यात यंत्रांच्या वर चढवून घडलेला होता. नुसतं "का नाही?" एवढंच त्याने तीनदा विचारलं, दर वेळी जरा वरच्या पट्टीत. चौथ्यांदा विचारायच्या आत अधिकारी उठला.

तपासणीची जागा म्हणजे एक लांबट शेड होती. पन्नास मीटरपैकी चाळीस मीटर पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरलेले. नेम धरायच्या टेबलावर कुणाचा तरी जेवणाचा डबा उघडा पडला होता आणि त्यावर माश्या. कोपऱ्यात एक माणूस सह्या करत बसला होता. तो मान वर करून उभा राहिला.

"साहेब, तुम्ही?"

तो मामाच्या हाताखाली शिकलेला होता. अठरा वर्षांपूर्वी तीन वर्षं तो मामाच्या शेजारच्या स्टुलावर बसून मोजमाप शिकला होता. त्याच्या लग्नात मामा-मामी दोघं गेले होते. कागदावरची सही म्हणजे नुसता एक फराटा होता, तो कुणाचा हे ओळखू येणं शक्यच नव्हतं. त्याच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता, पाच-पाच भोकं पडलेल्या कागदांचा, क्रमांकाची जागा कोरी.

"कोणत्या रायफलीने मारलेस हे?" मामाने विचारलं.

त्याने कपाटाकडे पाहिलं. कपाटात एक बाहेरून आणलेली रायफल होती. म्हणजे त्या भोकांशी या कारखान्याचा काडीचा संबंध नव्हता.

"साहेब, महिन्याला चारशे निघतात. मी एकटा आहे. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने सही केली असती."

"मग त्याने केली असती," मामा म्हणाला. "तू का केलीस?"

त्याने समोरचा गठ्ठा उलटा करून ठेवला. मामा वळून निघाला. बाहेर आल्यावर त्याला गाडीच्या मागे उभं राहून उलटी झाली. मी पाणी दिलं. वाटेत तो एकदाच बोलला. "मायक्रोमीटर कसा धरायचा ते मी त्याचा हात धरून शिकवलं होतं गं."

मामाने नवी रायफल घेतली नाही आणि पत्रावर सही केली नाही. त्याने परवाना कार्यालयात लेखी तक्रार केली, सोबत तुकडा, वही, दोन्ही कागद आणि परिचारिका बाईंचा जबाब जोडला. पोस्टातल्या कारकुनाने कागद दिला, पण तक्रारीवर नाव घालायला नको म्हणाला. आठ महिने गेले. सरकारी तपासणीत कंपनीच्या दहा रायफली घेतल्या, त्यांतल्या चार बोल्ट दाबताच सुटल्या. मग सुनावणी लागली.

सुनावणीत कंपनीचा वकील म्हणाला, की हा एका कर्मचाऱ्याचा बेजबाबदारपणा आहे आणि त्याला कामावरून काढून टाकलं आहे. तो कर्मचारी मागच्या बाकावर बसला होता. मामाने बोलायची परवानगी मागितली. मला वाटलं, आता हा त्याला सोलून काढणार.

"एक रायफल नीट तपासायला चाळीस मिनिटं लागतात," मामा म्हणाला. "हा माणूस चहाला न उठता, लघवीला न जाता महिनाभर बसला असता तरी तीनशेच्या पुढे गेला नसता. कंपनी चारशे विकत होती. उरलेल्या शंभर तपासल्याशिवाय बाहेर जाणार, हे ज्याने ठरवलं, त्याचं नाव या फायलीत मला कुठे दिसत नाही. तेवढं शोधा." आणि तो खाली बसला.

नाव कुणी शोधलं नाही. त्या रायफलीची विक्री बंद झाली, विकलेल्या परत घेण्याचा हुकूम निघाला. मामाला दोन तृतीयांश रक्कम मिळाली, बाकीची वापराबद्दल कापली. सहा महिन्यांत तीच कंपनी दुसऱ्या नावाने तशीच रायफल विकू लागली. नवीन माहितीपत्रक मामाच्याच पत्त्यावर आलं. मामाने ते दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकलं.

सुनावणीनंतर पंधरा दिवसांनी तो शिष्य घरी आला, आभार मानायला. दार मामाने उघडलं. "तिथे जे बोललो ते खरं होतं म्हणून बोललो," मामा दारातच म्हणाला. "तुझ्यासाठी नाही. तू मोजलं नाहीस आणि मोजलं म्हणून लिहिलंस. मला तुझ्याकडे बघवत नाही." आणि तो आत निघून गेला. मामीने शिष्याला बसवलं, चहा दिला, बायको-मुलांची चौकशी केली. मामा तो जाईपर्यंत मोरीत नळ सोडून उभा होता. मामीने नंतर मामाला बरंच सुनावलं, की माणूस दारात आला होता. ते त्याने ऐकून घेतलं, पण शब्द मागे घेतला नाही. मला अजून ठरवता येत नाही, की यात कोण बरोबर होतं.

मामा आता क्लबात नेमबाजीला जात नाही. दर रविवारी जातो तो टेबल टाकून बसायला. कुणीही नवी रायफल आणली की आधी ती मामापुढे ठेवायची, असा ठराव परिचारिका बाईंनी करून घेतला आहे. आतापर्यंत त्याने तीन नाकारल्या आणि तीन मित्र गमावले.

पोस्टातल्या कारकुनाने त्याची रायफल परत केलीच नाही. कापलेली रक्कम त्याला परवडत नव्हती. क्लबाने त्याला ती आणायला बंदी केली तेव्हा तो दुसऱ्या क्लबात जाऊ लागला. मध्यंतरी तो मला बाजारात भेटला. मी विचारलं, कशी चालते? "एकदम झकास," तो म्हणाला. "फक्त बोल्ट जरा हळू दाबावा लागतो."

मी हे मामाला सांगितलं. त्याने त्या दुसऱ्या क्लबचा पत्ता विचारला, चप्पल घातली आणि तसाच बाहेर पडला.